माझी शिल्लक, त्यांची तूट

बहारीनमध्ये बसून मी युरोपवर लिहितो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त माझ्याकडे उंटाऐवजी सीफमधल्या एका इमारतीच्या सतराव्या मजल्यावरची फिरती खुर्ची आहे. बँकेतलं माझं काम एवढंच की, युरोपातल्या देशांचे कर्जरोखे घ्यावेत की नाही यावर दर आठवड्याला चार पानं खरडायची आणि खाली शेरा मारायचा. समाधानकारक, असमाधानकारक, किंवा काहीच सुचलं नाही तर 'लक्ष ठेवावे'. पंधरा वर्षं मी अख्ख्या देशांना असे शेरे देतोय. एकाही देशानं अजून त्याची दखल घेतलेली नाही.

युरोपचं दुखणं तसं सोपं आहे आणि मी ते कुणालाही, कुठेही समजावून सांगतो. वाढदिवसाच्या जेवणात सांगितलंय, एकदा न्हाव्याच्या खुर्चीत अर्धी दाढी झालेली असताना सांगितलंय. त्यांनी चलन एक केलं आणि चुली वेगळ्या ठेवल्या. नाणं सगळ्यांचं एक, पण म्हाताऱ्यांची पेन्शन, बेकारांचा भत्ता, दवाखाना हे ज्याचं त्यानं बघायचं. पूर्वी एखाद्या देशाचे दिवस फिरले तर तो आपल्या चलनाची किंमत उतरवायचा, माल स्वस्त व्हायचा, गिऱ्हाईक परत यायचं. आता चलनच स्वतःचं नाही, तर उतरवणार काय? मग पगार उतरवायचे, पेन्शन कापायची, दवाखान्यातल्या खाटा कमी करायच्या. शिवाय नियम असा की, सरकारी तूट तीन टक्क्यांच्या पुढे न्यायची नाही आणि एक बुडाला तर त्याचं देणं दुसऱ्यांनी अंगावर घ्यायचं नाही. हे सगळं मी इतक्या थंडपणे लिहायचो की मला माझंच कौतुक वाटायचं.

आम्हा परदेशी नोकरदारांना इथे पेन्शनही नाही आणि भत्ताही नाही. नोकरी संपली की व्हिसा संपतो, आणि व्हिसा संपला की खलास. आमचं कल्याणकारी राज्य म्हणजे अकरा मराठी घरांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप. कुणाला विमानतळावर सोडायचंय, कुणाला दवाखान्यात डबा हवाय, कुणाची मुलं दिवसभर सांभाळायचीत, ते तिथे टाकायचं. कोण किती करतो याची नोंद कुठेच नव्हती. ज्याला जमेल तो करायचा, आणि ज्याला जमलं नाही तो पुढच्या वेळी जरा जास्त करायचा.

सगळ्यात जास्त करायचा तो बुसैतीनला राहणारा एसीचा टेक्निशियन. मूळचा वर्ध्याकडचा, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. त्याची बायको गावी बालवाडीत शिकवायची. इथे आल्यावर घर आणि चार वर्षांची मुलगी यांतच अडकली होती. बुद्धपौर्णिमेला त्यांच्या दोन खोल्यांत आम्ही अकराही घरं मांडीला मांडी लावून खीर प्यायचो. ऑगस्टमध्ये कुणाचा एसी बंद पडला की माणूस देवाच्या आधी त्याला फोन करायचा, आणि देवापेक्षा तो लवकर यायचा. पैसे विचारले तर म्हणायचा, "काहून लाजवता जी?" आमच्या घरातून डबे जायचे, ते माझी बायको करायची. माझ्याकडून सल्ला जायचा.

मग एका शुक्रवारी ग्रुपवर एका वहिनींनी लिहिलं, 'दर वेळी डबा आमच्याकडूनच का?' एवढंच. दुसरा कुणी असता तर पुढचा डबा स्वतः पोचवून मोकळा झाला असता. मी अठरा स्लाइडचं सादरीकरण केलं.

पुढच्याच आठवड्यात सगळ्यांना आमच्या हॉलमध्ये बसवलं. चहा-चिवडा बायकोनं केला, आणि ज्ञान मी पाजळलं. आपल्याकडे मदतीला समान मोजमाप नाही, म्हणून कुरबुरी होतात, हा माझा सिद्धांत. तेव्हा आजपासून एक चलन. मी त्याला टोकन म्हटलं. एक डबा म्हणजे दोन टोकन. विमानतळावर सोडलं की एक. मूल दिवसभर सांभाळलं की दोन. मदत घेणाऱ्याच्या खात्यातून टोकन वजा होणार आणि करणाऱ्याच्या खात्यात जमा होणार. सगळं एका ऑनलाइन तक्त्यात, सगळ्यांना दिसेल असं. आणि उणे तीनच्या खाली कुणी जायचं नाही. तीनच का, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा मी युरोपचा दाखला दिला. त्यावर पुढे कुणी काही विचारलं नाही. मी युरोप सुरू केला की लोकांना घरची कामं आठवतात.

एसीची दुरुस्ती मी यादीत घेतलीच नव्हती. तो त्याचा धंदाच आहे, दहा मिनिटांत हसत हसत करून टाकतो, त्याला कसलं टोकन लावायचं, असं मी त्याच्यासमोरच म्हणालो. तो म्हणाला, "बराबर आहे दादा." त्याची बायको मात्र हातातली चिवड्याची वाटी खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. तिला मुद्दा पटलाय असं मला वाटलं.

आमची मुलगी तेव्हा बारावीला होती आणि अर्थशास्त्राच्या प्रोजेक्टसाठी युरोच घेऊन बसली होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तरं इंग्रजीत येतात. तक्ता बघून ती म्हणाली, "बाबा, दिस इज लिटरली द युरो." मला भरून आलं. मग तिनं, अर्थात इंग्रजीतच, विचारलं की एकाला मिळालेलं टोकन दुसऱ्याचं गेलेलं असतं, म्हणजे अकरा घरांची बेरीज कायम शून्यच येणार. तर आपण अधिक चौदावर बसलोय म्हणजे बाकीचे मिळून उणे चौदा असणारच ना? मी म्हटलं, ज्यांचं उणे आहे त्यांनी मेहनत करावी. ती म्हणाली, सगळेच मदत करायला लागले तर घेणार कोण? लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. हे वाक्य मी स्वतः कितीतरी वेळा छापलं होतं की, एकाची शिल्लक हीच दुसऱ्याची तूट असते. पण लेकीनं तोंडावर सांगितल्यावर मी तिला म्हणालो, आधी बारावी हो.

ते अधिक चौदा माझ्या बायकोच्या डब्यांचे होते. खातं माझ्या नावावर होतं, घरटी एकच नाव असं मीच ठरवलं होतं म्हणून. जेवताना एकदा मी म्हणालो, "ग्रुपमध्ये आपण म्हणजे जर्मनी आहोत." बायको म्हणाली, "मग जर्मनीनं आपलं ताट उचलून ठेवावं."

बुसैतीनच्या घराचं खातं शून्यावरच राहिलं. सकाळी सहाला कंपनीची गाडी त्याला घेऊन जायची ती संध्याकाळी आणून सोडायची. डबा पोचवायला, मुलं सांभाळायला, विमानतळावर जायला वेळ असायचा तो आमच्यासारख्या फिरत्या खुर्चीवाल्यांना. त्याला जे येत होतं ते आमच्या चलनात बसत नव्हतं. गंमत म्हणजे लोकही त्याला बोलवेनासे झाले. यादीत नसलेलं काम सांगायचं कसं, असा संकोच त्यांना वाटायला लागला. मलाही वाटायला लागला. आमच्या हॉलचा एसी जूनपासून गळत होता, खाली बादली होती, आणि ती रिकामी करणं हे मी घरात स्वतःहून करत असलेलं एकमेव काम होतं.

ऑगस्टमध्ये त्याच्या बायकोला आठवा महिना होता. सलमानियाच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी तिला ठेवून घेतलं आणि स्पष्ट सांगितलं की बाळंत होईपर्यंत इथेच पडून राहायचं, उठबस नको, नाहीतर मूल वेळेआधी येईल आणि मग काही सांगता येत नाही. शाळांना सुट्टी, निम्मी घरं भारतात गेलेली. चार वर्षांच्या मुलीला ठेवायचं कुठे? त्यानं तक्त्यात मागणी टाकली. एका घरानं मुलीला एक दिवस सांभाळलं, दोन टोकन गेले. एकदा कुणीतरी बापलेकीला दवाखान्यात सोडलं, एक गेलं. झाले उणे तीन. तिसरी मागणी टाकल्यावर तक्त्यानं ती घेतली नाही. तशी सोय मीच करून ठेवली होती, आणि उणे तीन झालं की खात्याचा चौकोन लाल व्हायचा तोही माझाच पराक्रम.

तो लाल चौकोन मी ऑफिसात पाहिला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आपण मांडलेलं सूत्र चालतंय, लोक शिस्त पाळतायत, कुणी फोन करून गयावया करत नाही, म्हणजे पद्धत रुजली. त्याला एक फोन करावा असं मनात आलं होतं. पण नियम करणाऱ्यानंच अपवाद केला तर उद्या दहा जण मागतील, हे वाक्य मी इतक्या देशांबद्दल लिहिलं होतं की ते आपोआप आलं. बायकोला मी काही सांगितलं नाही. ती तेव्हा तिच्या बहिणीच्या लग्नाच्या धावपळीत होती, दिवसभर पुण्याला व्हिडिओ कॉल चालू. तक्ता बघायची तिला गरज नव्हती, डबे करायला पुरेशी माहिती तिला मी तोंडीच देत असे.

त्यानंतरच्या शुक्रवारी सकाळी नऊच्या सुमाराला बेल वाजली. मी बर्म्युडावर, हातात बादली. दारात तो. खांद्यावर अवजारांची पिशवी, अंगात इस्त्रीचा शर्ट.

"दादा, ताई मागं म्हनत होत्या, एसीचं पानी गळून राहिलं म्हणून. करून देतो."

मी म्हटलं, अरे, आज सुट्टी तुझी, आणि घरी हे सगळं असताना कशाला? तो म्हणाला, "होते जी, किती वेळ लागते त्याले." स्टूल मागून घेतलं, वर चढला, झाकण काढलं. पाण्याची नळी चोंदली होती. ती काढून न्हाणीघरात धुतली, आतला पंखा साफ केला, जाळ्या धुऊन गॅलरीत वाळत घातल्या. मी स्टूल धरून उभा होतो आणि, आता हसा हवं तर, बोलत होतो. काय बोलत होतो ते आठवलं की आजही कान गरम होतात. मी त्याला सांगत होतो की, तुझ्या खात्याची मला कल्पना आहे, पण तुटीतून बाहेर यायचं तर उत्पन्नाची नवी साधनं शोधावी लागतात, बायको घरी आली की तिनं डबे सुरू करावेत. तो तोंडात स्क्रू धरून "हो दादा, हो दादा" करत होता. बायकोनं चहा आणून दिला, तो त्यानं स्टुलावरच उभ्यानं प्यायला. चांगला तास-सव्वा तास गेला.

खाली उतरून त्यानं हात पुसले, अवजारं मोजून पिशवीत ठेवली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "दादा, यादीत नाही हे मले मालूम आहे. पन याचे दोन टोकन धरता येतीन का?"

"दोन कशाला हवेत?" मी विचारलं. काय प्रश्न आहे बघा.

"म्हंजे उणे एक होते. मंग पोरगीले आजचा दिवस तुमच्याकडं ठेवता येते. उद्याचं उद्या पाहीन. पोरगीच्या मायनं चार दिवसांमागं सही करून सुट्टी घेतली ना दवाखान्यातून. पोरगी माझ्यासंग कामावर, उन्हात, तिले नाही पाहवलं ते. आता पुन्हा पोटात दुखून राहिलं. तिले भरती करायले घेऊन चाललो."

बायको स्वयंपाकघराच्या दारात होती. तिनं विचारलं, "कुठं आहे ती आत्ता?"

"खाली गाडीत बसली आहे, कंपनीची मागून आनली आज. दोघीबी आहेत. म्हटलं, पहिले खातं नीट करावं, मंग वर आनावं."

सव्वा तास. मी त्याला उत्पन्नाची साधनं शिकवत होतो तो सव्वा तास ती बाई आठव्या महिन्याचं पोट घेऊन आमच्या पार्किंगमध्ये बसली होती. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. चपला न घालताच लिफ्टकडे धावलो, आणि लिफ्ट यायला वेळ लागला म्हणून तिचं बटण दाबत बसलो, जणू त्यानं काही होणार होतं.

गाडी सुरू होती. पुढची सीट मागे पाडून ती एका कुशीवर पडली होती, छातीशी दवाखान्याची फाइल. मागे मुलगी, शेजारी कपड्यांची पिशवी आणि एक उशी. मला बघून ती उठायला लागली. मी नको नको म्हणेपर्यंत तिनं फाइलमधून एक कागद काढून काचेतून माझ्या हातात दिला. बालवाडीच्या बाईंचं अक्षर, एकाखाली एक, नीट. मुलीचे अंदाजे पस्तीस दिवस, रोजचे दोन टोकन. दूध गरम लागते, अंडे चालते, एकटी झोपत नाही. बाळ सव्वा महिन्याचे झाले की मी दर आठवड्याला चार डबे करीन, म्हणजे आठ टोकन. यांचे एसीचे काम धरता आले तर लवकर फिटेल. खाली तिची सही होती. त्याखाली त्याचीही.

अशी पत्रं मी पंधरा वर्षं वाचली आहेत. अर्थमंत्र्यांची, मोठमोठ्या शिक्क्यांची. किती दिवसांत किती पेन्शन कापू, किती खाटा कमी करू, तेवढी आमची मुदत वाढवा, अशी. वाचून मी त्यांवर 'समाधानकारक' लिहायचो आणि जेवायला जायचो. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. आणि देवाशपथ सांगतो, माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "बघतो मी, काय करता येतं ते."

तिचा चेहरा पडला. तेवढ्यात मागून बायको आली. तिनं माझ्या हातातला कागद काढून घेतला, वाचला नाही, मागचं दार उघडून मुलीला कडेवर घेतलं, उशी काखेत मारली आणि त्याला म्हणाली, "यल्ला, निघा तुम्ही. हिची काळजी करू नका." गाडी गेली. वर गेल्यावर ती माझ्याशी जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मुलगी आमच्याकडे बेचाळीस दिवस होती. माझ्या लेकीच्या खोलीत झोपली, आणि त्या लेकीला तिच्याशी मराठीत बोलावं लागलं, कारण दुसरा इलाज नव्हता. बुसैतीनच्या घरी दुसरी मुलगी झाली, दिवस भरून, तीन किलोला थोडी कमी. मी तक्ता त्याच शुक्रवारी पुसून टाकला होता. ग्रुपवर लांबलचक माफीही लिहिली होती. तिच्यातही युरोपचा उल्लेख होता तो बायकोनं पाठवण्याआधी काढायला लावला. सगळ्यांनी हात जोडल्याच्या खुणा टाकल्या. आता पहिल्यासारखं, असं सगळ्यांचं ठरलं.

पण त्या बालवाडीच्या बाईंनी स्वतःची हिशेबाची वही ठेवली होती, हे आम्हाला फार उशिरा कळलं. बाळ सव्वा महिन्याचं झालं आणि डबे सुरू झाले. ग्रुपवर कुणी आजारी म्हणायचा अवकाश, पहिलं उत्तर बुसैतीनचं. कुणी नको म्हटलं तर ती म्हणायची, "असू द्या ताई, माझं बाकी आहे." आम्हाला तो तिचा चांगुलपणा वाटला, आणि लोकांनी तो मजेत खाल्ला. पाच महिने असं चाललं. मग माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. त्या आठवड्यात बायकोची कंबर धरली होती, म्हणून दोन दिवस दवाखान्यात डबा बुसैतीनहून आला. ज्वारीची मऊ भाकरी, पथ्याची मुगाची डाळ, तिखट अजिबात नाही. तो यायचा, पथ्य विचारून घ्यायचा आणि डबा टेबलावर ठेवून लगेच निघायचा. दुसऱ्या दिवशीचा डबा मी चाटूनपुसून खाल्ला, इतका की रिकामा डबा पाहून नर्स हसली.

त्याच दुपारी फोनवर ओळ दिसली की ते दोघं ग्रुपमधून बाहेर पडलेत. भांडण नाही, निरोप नाही, काही नाही. मला आधी कळेचना. मी पडल्या पडल्या बायकोला म्हटलं, "अगं, चुकून झालं असेल. तू फोन कर ना त्यांना. बुद्धपौर्णिमा आलीय जवळ, ते बोलावतीलच."

बायको रिकामा डबा धूत होती. ती मागे वळली नाही.

"नाही बोलावणार," ती म्हणाली. "काल तिनं मला वही दाखवली. आजच्या डब्यानं सगळं फिटलं त्यांचं."